वेबसाईटची जागा बदलताना

निफाड, दिंडोरी भागातील काही द्राक्ष बागायतदार व उत्पादक कंपन्यांच्या आज स्वतःच्या वेबसाईट आहेत. जानेवारी ते एप्रिल या काढणीच्या काळात ग्राहकांची गर्दी वाढते आणि स्वस्त, सामायिक सर्व्हरवरील वेबसाईट नेमकी तेव्हाच मंदावते. अशा वेळी जास्त क्षमतेच्या होस्टिंगचा विचार करावा.

होस्टिंग निवडताना पहिल्या वर्षाच्या सवलतीस भुलू नये, पुढील वर्षाचा दर विचारावा. रोज बॅकअप घेतात काय, अडचणीत रात्रीही फोन उचलतात काय, हे पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोमेन, अर्थात वेबसाईटचे नाव. होस्टिंग ही भाड्याची जागा. ती बदलता येते. परंतु डोमेनची नोंद वेबसाईट बनविणाऱ्याच्या नावे असेल, तर सर्व त्याच्या मर्जीवर राहते. सातबारा पाहतो तशी ही नोंद आजच तपासावी.

स्थलांतर पावसाळ्यात, विक्री नसताना करावे. प्रथम फाइली व डेटाबेसची प्रत आपल्या संगणकावर घ्यावी. नव्या जागी नमुना ऑर्डर टाकून पाहावी. डीएनएसमधील 'टीटीएल' एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे नवा पत्ता लवकर पोहोचतो. ई-मेलच्या नोंदी जशाच्या तशा ठेवाव्यात, अन्यथा व्यापाऱ्यांची पत्रे हरवतील. जुने होस्टिंग निदान महिनाभर चालू ठेवावे व तेथे चुकून आलेल्या ऑर्डरी पाहाव्यात. नवी विहीर लागल्याखेरीज जुनी बुजवू नये.