चांदाची तारीख, मृगाचे साल

हिजरी सन पूर्णपणे चांद्र आहे. त्यात अधिक मास नाही. त्याची गणना इ.स. ६२२ मध्ये मुहम्मद पैगंबरांनी मक्केहून मदिनेस केलेल्या प्रस्थानापासून होते आणि तिची रीत खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत ठरली. वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांत संपते, म्हणून प्रत्येक नवे साल सौर मानाने दहा-अकरा दिवस अलीकडे येते. हा हिशेबाचा ढिसाळपणा नव्हे. महिने बाराच असावेत, ते सोयीने मागेपुढे सारू नयेत, असे कुराणाच्या नवव्या सूऱ्यात सांगितले आहे. त्यामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. रोजे कधी थंडीच्या आखूड दिवसांत येतात, तर कधी वैशाखाच्या उन्हात.

उपासनेला हे फिरणे चालते. सारावसुलीला चालत नाही. पीक पावसावर येते, आणि ३२ सौर वर्षांत ३३ हिजरी वर्षे बसत असल्याने हिजरी सालाने सारा मागितला, तर रयतेवर एका जादा सालाचा बोजा पडतो. उत्तरेत यावर अकबराने फसली सन काढला. दक्षिणेत त्याआधीच दुसरा उपाय रुळला होता, तो म्हणजे शुहूर सन. मुहम्मद तुघलकाच्या काळात, इ.स. १३४४ मध्ये, हिजरी ७४५ हाच आकडा घेऊन तो सुरू झाला, असे मानतात. आकडा हिजरीचा राहिला, पण वर्ष सौर झाले आणि त्याचा आरंभ सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून धरला गेला. कुणब्याचे साल मृगापासूनच सुरू होते. त्यामुळे हा सन अरबी असूनही गावात परका राहिला नाही. त्याला मृगसाल असेही नाव पडले.

मराठी दफ्तरांत ही जोडणी जवळून दिसते. मोडी पत्रात साल बहुधा अरबी संख्यावाचकांनी लिहीत आणि तेही एकंपासून: आधी एकम, मग दशम, शेवटी शतक व सहस्र. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या वेळचे शुहूर साल ११६१. ते ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले जाई, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. महिना मात्र हिजरी चांद्र, जमादिलाखर, आणि तारखेआधी चंद्राचा ‘छ’. अस्सल हिजरी साल त्या वेळी ११७४ होते. ७४५ वर एकत्र निघालेले दोन सन असे १३ वर्षांनी फाकले होते. एकाच ओळीत दिवस चंद्राचा आणि साल सूर्याचे, ही गोष्ट नव्या अभ्यासकाला चांगलीच चकवते. जुन्या जंत्र्यांवाचून मराठ्यांच्या इतिहासाचे पान हलत नाही, ते यामुळेच. इसवी साल काढण्यासाठी शुहूर आकड्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवतात.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि राज्यव्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. तरी शुहूर सन दफ्तरातून गेला नाही. पेशवाईतही कागद त्याच सनाने चालत राहिले. कुलकर्ण्याच्या हातात बसलेली सवय राजाज्ञेपेक्षा चिवट ठरली, असे म्हणता येईल.

सालाची गणना सूर्याकडे वळली, पण सणांत याच्या उलट घडले. मोहरम चंद्राबरोबर फिरतच राहिला. दख्खनच्या अनेक गावांत पंजे बसवणे, ताबूत काढणे यांत हिंदू घरांचाही हात असे, आणि मोहरम दर साली थोडा अलीकडे सरत वेगवेगळ्या हंगामांत येतो, याची कोणाला अडचण वाटली नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा उरूस मात्र माघी पौर्णिमेस भरतो. तिथे चांदाची तारीख नव्हे, तर पंचांगातील तिथी पाहतात.