चुना, घोडी आणि गेटावरची कुत्री
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपली सोसायटी सिमेंटची. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना निघाला, पुढे ते गावोगाव पोचलं. त्याआधी वाडे, देवळं चुन्यात बांधायचे. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा. विरवायची घाई केली, तर कच्ची कळी भिंतीत फुगते आणि गिलावा फोडते.

चुन्याशी घाई चालत नाही, तशी जनावराशीही नाही. आपल्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी पळते. तिला नेमकं पाठीमागचं दिसत नाही. मागून गेलात की दचकून लाथ झाडते. कुत्र्याचंही पाहा. शेपूट हलतंय म्हणजे लाडातच आलंय असं नाही. अंग ताठ, नजर रोखलेली असेल तर मुलांनो, पळू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूच बाजूला व्हा.

गेटावरच्या कुत्र्यांवरून आपल्यात दोन तट पडलेत. दगड मारून प्रश्न सुटत नाही, जिन्यात भाकरी टाकूनही नाही. उष्टं-खरकटं उघड्यावर पडलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे आपल्या तालुक्याला सांगायला नको. खाऊ घालायची एक जागा, एक वेळ ठरवू. नसबंदी, लसीकरण करून घेऊ. केंद्राच्या २०२३ च्या नियमांचा रोखही तोच आहे.

दोन्ही बाजूंनी थोडं विरू या, म्हणजे भिंत फुटणार नाही.