व्ही. शांताराम : प्रश्न विचारणारा कॅमेरा

'प्रभात' या चित्रपटसंस्थेतले दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी समाजाचे अवघड प्रश्न पडद्यावर आणले आणि त्यांसाठी चित्रांची, आवाजांची नवी भाषा घडवली. १९३७च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा ते नातं ठामपणे नाकारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके आणि घरातले आवाजच तिची घुसमट ऐकवतात. 'माणूस'मध्ये पोलीस आणि वेश्या यांच्या प्रेमातून प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहतो, 'शेजारी'मध्ये हिंदू-मुस्लिम मैत्रीचा, तर १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये कैद्यांवर टाकलेल्या विश्वासाचा. माणूस बदलू शकतो, ही श्रद्धा त्यांच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा भेटते. म्हणूनच नव्या पिढीने ते आवर्जून पाहावेत.