अडकलेल्या विनंतीची नोंद



एका दिवसाची मजुरी बुडवून आलेगावचा शेतकरी सात-बारासाठी खिडकीशी येतो आणि “सर्व्हर अडकला आहे” एवढे ऐकून परत जातो. नेमके काय अडकले, हा आमचा आजचा विषय आहे.

संगणकातला प्रोग्राम चकतीवरचा मजकूर स्वतः वाचीत नाही. ते काम तो कर्नलला सांगतो. (हा कर्नल फौजेतला नव्हे, यंत्राचा सारा कारभार पाहणारा गाभा तो.) या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. उत्तर येईपर्यंत प्रोग्राम बहुधा तिथेच खोळंबतो. चकतीच बिघडली तर उत्तर यायचे कुठून?

आता मेख अशी की, नोंद बहुतेक ठिकाणी काम आटोपल्यावर करतात. जे आटोपलेच नाही त्याची ओळच पडत नाही! अकोल्याहून वाशीमला निघालेली एसटी पातूरच्या घाटात बंद पडली, तर वाशीमच्या वहीत ती सापडायची नाही. अकोल्याची सुटल्याची वेळच पाहावी लागेल. म्हणून वेळ विनंती सुटतानाच टिपावी, आणि पहारा दुसऱ्याने करावा.

लिनक्समध्ये असा पहारेकरी २००८ पासून आहे. कोणी १२० सेकंद एकाच जागी निपचित दिसला, की तो त्याचे नाव, क्रमांक आणि कोणत्या कामातून कोणत्या कामात शिरून तो अडकला ती सारी वाट लिहून ठेवतो. मारीत मात्र कोणाला नाही. हा संयम आम्हांला फार आवडतो. कळफलकावर बोट पडण्याची वाट पाहणारा तासभर थांबला, तरी त्याला तो दोष देत नाही. पण दूरच्या यंत्राच्या निरोपासाठी ताटकळणाराही बहुधा त्याच्या नजरेतून निसटतो. तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच मुदत घालावी. शिवाय आपण वेगळे सांगितले नाही, तर दहा इशारे देऊन हा गृहस्थ गप्प बसतो!

खोळंबा झाला की आपल्याकडे यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. रांग हलते खरी. पण चकतीच अडकलेली असली तर नोंद तिच्यावर उतरलेली नसते, नुसत्या स्मरणात असते, आणि बटण दाबताच पुसली जाते. आठवड्याने तीच खिडकी, तीच रांग, आणि आलेगावचा तोच शेतकरी. यावर उपाय आहे: कर्नलचे इशारे उमटताच तारेवरून शेजारच्या यंत्राकडे धाडता येतात. त्याला अडगळीतले जुने यंत्रही पुरते.