एक मूल आणि अनेक खाती



या व्यासपीठावर माझ्यापूर्वी विद्वान, साहित्यिक आणि संशोधक बोलून गेले आहेत. मी त्यांपैकी कोणीच नाही. आयुष्याची बत्तीस वर्षे गुजरात शासनाच्या सेवेत फायली हातावेगळ्या करण्यात घालविलेला मी एक निवृत्त अधिकारी आहे. विश्वस्तांनी आमंत्रण दिले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची एक आठवण मनात आली, आणि तिचे ऋण फेडण्यासाठी तरी उभे राहावे असे वाटले.

गुरुजींच्या कोटाच्या खिशात एक लहानशी वही असे. वर्गाचा हजेरीपट शाळेच्या मालकीचा, ही वही त्यांची स्वतःची. कोणत्या मुलाची फी माफ व्हावयाची आहे, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या कचेरीत अडकला आहे, कोणाच्या वडिलांची गिरणी बंद पडली आहे, या सर्वांची नोंद तिच्यात. एखादा मुलगा तीन दिवस दिसला नाही की चौथ्या दिवशी सायंकाळी गुरुजींची सायकल त्याच्या वाड्यासमोर उभी राही. मी सातवीत असताना अशीच ती आमच्या दारी आली होती. माझ्या दाखल्यासाठी गुरुजींनी मामलतदार कचेरीत किती फेऱ्या घातल्या हे मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले. ज्याला आम्ही पुढे सरकारी भाषेत ‘समन्वय’ म्हणू लागलो, ते काम गुरुजी त्या वहीवर करीत होते.

आजचा विषय हाच आहे. वंचित मुलांसाठी आणि तरुणांसाठी शासनाच्या ज्या योजना आहेत त्या एकमेकींशी बोलत का नाहीत? योजना कमी आहेत असे म्हणता येणार नाही. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत त्या वेळच्या आपल्या वडोदरा जिल्ह्यातील छोटाउदेपूर होते. शाळेतील मध्यान्ह भोजन गुजरातने 1984 मध्ये सुरू केले, केंद्राची योजना 1995 मध्ये आली. पुढे बालन्याय कायदा, शिक्षणहक्क कायदा, आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, कौशल्यविकास असे बरेच काही उभे राहिले. प्रत्येक योजनेमागे कोणाची तरी खरी तळमळ होती, हे मी आतल्या माणसाच्या अधिकाराने सांगतो.

आता या सर्वांकडे एका मुलाच्या डोळ्यांनी पाहा. तो अंगणवाडीत असतो तोवर महिला व बालविकास खात्याचा. सहाव्या वर्षी शाळेच्या पटावर आला की शिक्षण खात्याचा. वसतिगृहात राहिला तर आदिवासी विकास खात्याचा. आजारी पडला तर आरोग्य खात्याचा. त्याच्या घरचे धान्य पुरवठा खात्याकडे. मजुरी करताना सापडला तर कामगार खात्याकडे, आणि अनाथ झाला तर बालकल्याण समितीपुढे. वयाच्या रेषाही सारख्या नाहीत. शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, बालन्याय कायद्याचे छत्र अठराव्या वर्षापर्यंत, तर 2014 च्या युवा धोरणात तरुण म्हणजे पंधरा ते एकोणतीस. मूल मात्र अखंड वाढत असते. अंगणवाडीताईच्या वहीतील त्याचे वजन आणि आजारपणे पहिलीच्या शिक्षिकेपर्यंत क्वचितच पोहोचतात, वाटेत केवळ एक भिंत असली तरी.

मूल एका गावी स्थिर असेल तर हे सारे कसेबसे निभावते. ते जर ऋतूप्रमाणे गाव बदलणारे असेल, आणि गाव बदलताना राज्यही बदलत असेल, तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. त्यात माझाही हात आहे.

दक्षिण गुजरातमधील सहकारी साखर कारखान्यांचा ऊस तोडण्यासाठी डांगमधून तसेच सीमेपलीकडच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून दरवर्षी मजूर येतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघावयाचे आणि उन्हाळ्यात परतावयाचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मोजणी माणसांची नव्हे, कोयत्यांची होते. त्यांच्याबरोबर मुले येतात, ती कोणाच्याच मोजणीत नसतात. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पडाव वसतो सहामाहीनंतर. जूनमध्ये एका राज्याच्या पटावर असलेले मूल डिसेंबरमध्ये दुसऱ्या राज्यातल्या उसाच्या फडात असते. नवापूरचे रेल्वेस्थानक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. प्रवासी त्याचे छायाचित्र हौसेने काढतात. त्याच रेषेवर शासनाच्या साऱ्या खात्यांची संख्या दुप्पट होते, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

सन 2006 च्या हंगामात मी त्या भागातील एका जिल्ह्यात अधिकारी होतो. एका पडावाला भेट देत असता नवापूर तालुक्यातून आलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दिसली. कडेवर धाकटा भाऊ. घरची बोली मावची, शाळेची भाषा मराठी, आणि आता अवतीभवती गुजराती. मी मराठीत विचारताच ती झोपडीत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद घेऊन आली. तो तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता: तिसरी उत्तीर्ण. तेथील मुख्याध्यापकांनी तो तत्परतेने दिला होता. जवळच्या शाळेत मुलीने स्वतः जाऊन तो दाखविलाही होता. शाळेने सांगितले, दाखला दुसऱ्या राज्याचा, त्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाही. वसतिगृहाने सांगितले, जमातीचे प्रमाणपत्र या राज्याचे नाही. भावाबद्दल अंगणवाडीत विचारले तर त्याचे नाव सर्वेक्षणात नव्हते. यांतला कोणीही दुष्ट नव्हता, आणि आपापल्या परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक जण बरोबर होता.

मी तो दाखला घेतला. “साहेब, कागद परत मिळेल ना?” असे तिच्या आईने विचारले, तेव्हा मी होकार दिला. कार्यालयात येऊन मी टिपणी लिहिली. कचेरीत मराठी लिपी सराईतपणे वाचणारा बहुधा मी एकटाच होतो, त्यामुळे दाखल्याचा गुजराती अनुवादही मीच जोडला, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. मग शेरा मारला: ‘संबंधित खात्याकडे योग्य कार्यवाहीसाठी.’ तेथून ते प्रकरण दुसऱ्या खात्याकडे गेले, त्यांनी अभिप्रायासाठी तिसऱ्याकडे पाठविले, तिसऱ्याने पडताळणीसाठी शेजारच्या राज्याला पत्र लिहिले. मासिक समन्वय बैठकीच्या कार्यसूचीवर तो विषय दोनदा आला आणि दोन्ही वेळा ‘कार्यवाही प्रगतिपथावर’ अशी नोंद झाली. तीपैकी एका बैठकीचे इतिवृत्त माझ्याच सहीचे आहे.

फाइल एप्रिलअखेर परत आली. प्रवेश देण्यास हरकत नाही असे तिच्यात म्हटले होते. मी गाडी काढून पडावावर गेलो, तर तेथे चुलींचे काळे दगड आणि सुकलेले वाढे उरले होते. आणि फाइलच्या तळाशी, टाचणीने टोचलेला, मुलीचा मूळ दाखला होता. आम्ही तिला शाळेत तर घातले नव्हतेच, पण गावी परतल्यावर शाळेत जाण्याचा तिचा एकमेव पुरावाही आमच्याच कपाटात ठेवून घेतला होता.

दाखला मी नोंदणीकृत टपालाने तिच्या गावच्या शाळेकडे पाठविला. पोच आली नाही. पुढच्या हंगामात तोच मुकादम भेटला. त्याला मुलगी आठवत होती. ती आता मोळ्या बांधते, काम चांगले करते, असे तो कौतुकाने म्हणाला.

मित्रहो, त्यानंतर काहीच बदलले नाही असे सांगितले तर तो अन्याय होईल. शिक्षणहक्काचा कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याचे पाचवे कलम सांगते की दाखल्यास विलंब झाला या कारणास्तव प्रवेश नाकारता किंवा लांबविता येणार नाही. नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. ही दोन कलमे मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. शिधापत्रिकेच्या बाबतीत तर ऑगस्ट 2019 मध्ये आंतरराज्य धान्याचा पहिला प्रयोग ज्या दोन जोड्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. अंगणवाडीची नोंद आता मोबाइलवर होते आणि स्थलांतरित बालकाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविता येते. यांतील प्रत्येक गोष्ट त्या वर्षी असती तर त्या मुलीचे काही वेगळे झाले असते.

तथापि धान्याची नोंद एका संगणकप्रणालीत, अंगणवाडीची दुसऱ्या आणि शाळेची तिसऱ्या. पूर्वी सात फायली होत्या, आता तितकेच परवलीचे शब्द आहेत. मला यंत्राचे वावडे नाही. पण यंत्रात मूल ‘स्थलांतरित’ असे दिसू लागल्यावर पडावापर्यंत चालत कोणी जावयाचे, हा प्रश्न जुनाच आहे.

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे असे मी बरीच वर्षे समजत होतो. निवृत्तीनंतर वाचनात आले की अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रातही अध्यक्षांनी नेमलेल्या एका कृतिदलाने 2003 मध्ये वंचित युवकांसाठीच्या संघीय कार्यक्रमांची मोजदाद केली, तेव्हा ते 12 खाती व यंत्रणांमध्ये विखुरलेले 339 कार्यक्रम निघाले. पुढे 2006 मध्ये समन्वयासाठी एक परिषद स्थापण्याचा कायदा झाला. त्याला टॉम ऑसबोर्न या प्रतिनिधीचे नाव दिले आहे. हे गृहस्थ पूर्वी विद्यापीठात फुटबॉलचे प्रशिक्षक होते, आणि सुटे सुटे खेळाडू म्हणजे संघ नव्हे हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नसावी. पण त्या परिषदेसाठी पैशाची तरतूद कधी झालीच नाही. दोन वर्षांनी अध्यक्षीय आदेशाने एक आंतरखातेय गट नेमला गेला. माझे लक्ष वेधले ते 2014 मधील तरतुदीने. काही निवडक ठिकाणी चौदा ते चोवीस वयाच्या, शाळा आणि रोजगार दोन्हींपासून तुटलेल्या तरुणांसाठी वेगवेगळ्या खात्यांचा पैसा एकत्र करून वापरण्याची मुभा मिळाली. बदल्यात स्थानिक यंत्रणेने परिणामांची जबाबदारी घ्यावयाची होती. समिती नेमण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण खाते सारे काही देईल, पण आपले लेखाशीर्ष देणार नाही!

आपल्या बडोद्याला हे अगदी अपरिचित नाही. सोनगड, जेथे गायकवाडांची पहिली गादी होती, तेथे 1885 च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. राहणे, जेवण आणि शिक्षण एकाच छपराखाली. आजचे कोयते ज्या मुलखातून जातात तोच हा मुलूख. 1893 मध्ये अमरेलीला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू झाला, मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात. राज्य लहान होते, आज्ञा देणारा एकच होता, आणि लोकशाहीत तशी आज्ञा मागणे मला योग्य वाटत नाही. पण मुलाबद्दल जाब कोणाला विचारावयाचा हे तेव्हा ठाऊक होते, एवढे मान्य करावेच लागेल.

माझी सूचना तीच आहे. पडाव ज्या गावाच्या हद्दीत पडतो, त्या गावी एका व्यक्तीचे नाव निश्चित असावे. शिक्षक, अंगणवाडीताई, ग्रामसेवक, कोणीही चालेल, पण नाव एकच. तिच्या हाती लहानशी रक्कम असावी, जिच्यासाठी सात सह्या लागणार नाहीत. दोन्ही राज्यांच्या जिल्ह्यांची बैठक मजूर निघण्यापूर्वी, नवरात्राच्या आधी व्हावी; मार्चमध्ये तिचा उपयोग नाही. आणि त्या व्यक्तीला वर्षअखेर ‘किती अर्ज पुढे पाठविले’ असे विचारू नये. ‘किती मुले बसली आणि परत जाताना कागद घेऊन गेली का’ एवढे विचारावे.

यात आपल्यासाठीही काम आहे. त्या पडावांवरील मुलांची पाठ्यपुस्तके मराठी आहेत आणि भोवतालच्या शाळा गुजराती. दोन्ही भाषा घरातल्यासारख्या बोलणारी माणसे या सभागृहात जितकी आहेत तितकी दुसरीकडे सहसा सापडणार नाहीत. आपल्या मराठी शाळांची पटसंख्या घटत असल्याची खंत आपण प्रत्येक संमेलनात व्यक्त करतो. चार तासांच्या अंतरावर मराठी वाचू इच्छिणारी मुले दरवर्षी सहा महिने येऊन राहतात.

मुख्याध्यापिकाबाईंशी माझे बोलणे झाले आहे. शाळेच्या वाचनालयातील जादा पुस्तके द्यावयास त्या तयार आहेत. विश्वस्तांनी मला देऊ केलेले मानधन प्रवासखर्चासाठी कार्यालयात जमा आहे. यंदाचे पडाव दिवाळीनंतर पंधरा दिवसांत वसतील. ज्यांना रविवारी येणे शक्य आहे, त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव व पत्ता लिहावा. वही नवी आहे, आकाराने मात्र मुद्दाम गुरुजींच्या वहीएवढी घेतली आहे.