लॅपटॉप जुलैत घ्यायचा की दिवाळीनंतर?

आजचा भाग इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी आहे, आणि खरं सांगू का, त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आईबाबांसाठी. मोबाईल स्पीकरवर टाका, घरात सगळ्यांना ऐकू द्या.

सीईटी झाली, कॅपच्या फेऱ्या सुरू आहेत, आणि पोरगं नाहीतर पोरगी म्हणते, "बाबा, लॅपटॉप पाहिजे." आता ही वेळ कोणती, ते बघा. जुलै-ऑगस्ट. आपल्या देवळीकडे तेव्हा शेतात काय चालू असतं? निंदण, डवरणी, खत, फवारणी. सगळा पैसा मातीत गेलेला असतो आणि घरात एक रुपया येत नसतो. त्यात कॉलेजची फी, होस्टेलचं डिपॉझिट, आणि वरून ५०-६० हजारांची मशीन. मग हा पैसा येतो कुठून? कृषी केंद्राची उधारी लांबते, नाहीतर आईचं सोनं गहाण पडतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: जुलैत घेऊच नका. सोयाबीन निघू द्या, सीतादही होऊ द्या, कापसाच्या पहिल्या वेच्याचा चुकारा हातात पडू द्या. मग घ्या. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांनी पाहिजे तेव्हा घ्यावा, त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

"पण मी मागे पडलो तर?" हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या सेमिस्टरला असतं काय? गणित, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, ड्रॉइंग, आणि थोडं सी किंवा पायथन. प्रॅक्टिकलला कॉलेजची लॅब असते, तिथे बसा. सीचे छोटे प्रोग्रॅम तर मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतात. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत, फुकट आहेत, आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. चार महिने तेवढं पुरतं. कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना जरा घाई होईल, कबूल. पण त्यांनाही पहिल्याच महिन्यात सगळं लागत नाही.

दुसरं कारण ब्रँचचं आहे. फेऱ्या संपेपर्यंत तुम्हालाच माहीत नसतं की सिव्हिल मिळेल की आयटी. आणि मशीन तर ब्रँचवर ठरते! सिव्हिलला स्टॅड-प्रो आणि रेव्हिट, मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, ही सगळी विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर. मामेभावाकडे मॅकबुक बघून कोणी हट्ट धरला असेल, तर त्याला हे आधी सांगा. ऑटोकॅड मॅकवर चालतं, पण एकट्या ऑटोकॅडवर डिग्री होत नाही. आणि हो, ऑटोकॅडची चोरीची कॉपी कोणाकडून पेनड्राइव्हमध्ये आणू नका. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एकेक वर्षाचं लायसन्स फुकट देते, शिकत असेपर्यंत ते वाढवता येतं.

कॉम्प्युटर, आयटी, एआयवाल्यांना महागड्या ग्राफिक्स कार्डाचा मोह पडतो. "एआय शिकायला जीपीयू लागतोच" असं दुकानदार सांगतो. गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्ये जीपीयू मिळतो, मर्यादा आहे, पण शिकण्यापुरता भागतो. पबजीसाठी पाहिजे असेल तर बाबांना खरं सांगा, एआयचं नाव कशाला पुढे करता!

आता पैसा कुठे घालायचा? रॅममध्ये. १६ जीबी. पूर्वी मी सांगितलं असतं की ८ घ्या, वर्षभराने ८ टाका. पण २०२५च्या शेवटी रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या, आणि कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवताच येत नाही. त्यामुळे थांबलात म्हणून मशीन स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका. थांबायचं ते उसनवारी टाळायला आणि ब्रँच कळायला. सोबत ५१२ जीबीची एसएसडी, बस.

बजेट कमी असेल तर जुना घ्या, लाजू नका. नागपूरला सीताबर्डीत ऑफिसमधून निघालेले लॅपटॉप मिळतात, दणकट असतात. फक्त "आय-सेव्हन आहे" एवढ्यावर भुलू नका, पिढी विचारा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बॅटरी काढून टाकल्यासारखी असेल तर बदलायचा खर्च भावातून कापून घ्या.

आणि अप-डाऊनवाल्यांनो! देवळीहून वर्धा, तिथून सेवाग्रामच्या बापूराव देशमुख कॉलेजला रोज जाणारे आहेत. आता वर्धा-कळंब रेल्वे २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली, देवळीला स्टेशन आलं, पण एसटीची गर्दी काही कोणाला चुकली नाही. अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि वर विटेएवढा चार्जर, असं पाठीवर घेऊन उभं राहून बघा एकदा. दीड-पावणेदोन किलोचा घ्या. वॉरंटी घेताना 'ऑनसाइट' आहे का आणि आपल्या पिनकोडला माणूस येतो का, हे दुकानातच विचारा. नाहीतर प्रत्येक बिघाडाला नागपूरची एक चक्कर.

शेवटचं, आणि हे बाबांनी ऐकायचं. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल, तर बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटरही खर्चात धरता येतो. पण तो अर्जाच्या वेळीच, कोटेशन जोडून धरायचा. मंजुरी झाल्यावर मॅनेजरसाहेबांना विनवण्या करत बसावं लागतं. व्याज त्यावरही चढतं, हे विसरू नका. तरी दुकानातल्या 'नो कॉस्ट ईएमआय'पेक्षा मला हे बरं वाटतं. तिथे प्रोसेसिंग फी लागते, व्याजावरचा जीएसटी लागतो, आणि रोखीवर मिळाली असती ती सूट बहुतेक वेळा जाते. एकदा रोखीचा भाव विचारा, मग हप्त्यांची बेरीज मोबाईलवर करा. दुकानदाराच्या समोरच करा.

बिल पोराच्या किंवा पोरीच्या नावाने घ्या, आणि त्यावरचा सिरीयल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवूनच दुकानाबाहेर पडा. तुमची ब्रँच आणि बजेट आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही प्रश्न घेऊ.