थकायच्या आधी चालायचं

(पुण्यातल्या एका युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आत्ता माझी ओळख ‘मॅरेथॉन धावपटू’ अशी करून दिली. त्यात थोडी दुरुस्ती करते. १९ जानेवारी २०२५ ला मुंबई मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर मी ६ तास १९ मिनिटांत पूर्ण केलं, हे खरं आहे. पण त्यातला निम्मा वेळ मी चालत होते. ३० सेकंद पळायचं, ३० सेकंद चालायचं, परत ३० सेकंद पळायचं. मनगटावरचं घड्याळ थरथरलं की बदल. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत हेच. हिशेब केला तर मी त्या दिवशी साधारण ३८० वेळा पळायला सुरुवात केली आणि ३८० वेळा पळणं थांबवलं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, मग ती मॅरेथॉन कसली? आज मला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचंय.

सुरुवात कशी झाली, ते थोडक्यात सांगते. माझे अब्बा ५७ व्या वर्षी गेले. डायबेटिस, आणि मग हार्ट अटॅक. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसाचे दहा तास खुर्चीत. ३३ व्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच्या दारात. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, चाला. अम्मीनं रिपोर्ट हातात घेतला, वाचला नाही, घडी करून कपाटात अब्बांच्या फायलीत ठेवला. मला त्या फायलीत जायचं नव्हतं.

मग मी पळायला गेले. तीन वेळा गेले आणि तीनही वेळा सोडलं. आपल्याला शाळेत जसं पळायला शिकवतात तसंच पळत होते. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं, छाती फुटेपर्यंत जायचं, मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. पाच मिनिटांत संपलं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झालेल्या, आणि मनात एकच की हे आपलं काम नाही.

चौथ्या वेळी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं जेफ गॅलोवे हे नाव सांगितलं. हे अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळाले होते. १९७४ मध्ये त्यांच्याकडे अजिबात न पळणाऱ्या प्रौढांचा एक वर्ग आला. या लोकांना दुखापत न होता लांब कसं न्यायचं, यातून त्यांची पळा-चाला पद्धत तयार झाली. तिचं मर्म एवढंच आहे की चालायचं ते थकल्यावर नाही, थकायच्या आधी. अगदी पहिल्या मिनिटाला, अंगात भरपूर दम असताना. सलग पळताना तेच स्नायू तसेच राबत राहतात. मध्ये चाललं की त्यांच्यावरचा भार बदलतो, श्वास खाली येतो, अंग कमी तापतं. थकवा एकदा चढला की मग चालून तो पूर्ण उतरत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. सर्व्हर पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो तापायच्या आधी भार कमी करणं केव्हाही स्वस्त पडतं.

वेळापत्रकही साधं आहे. आठवड्यात दोन दिवस अर्धा-अर्धा तास आणि रविवारी लांब पल्ला. तोही दर रविवारी वाढवायचा नाही, एक रविवार आड. लांब पल्ला इतका सावकाश करायचा की धाप लागता कामा नये, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी १५ सेकंद पळणं आणि ४५ सेकंद चालणं यावर सुरुवात केली. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा दमलेच नव्हते. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

महिन्याभरात रमजान आला. १२ मार्चला पहिला रोजा. मी गृहीत धरलं होतं की आता सगळं बंद पडणार. दिवसा पळणं शक्यच नव्हतं. पुण्यातला मार्च, पाण्याचा थेंब नाही. म्हणून इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी बाहेर पडू लागले, फक्त अर्धा तास. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली आहे आणि बहुतेक कधी नोंदवली नाही. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यात रात्री बारा वाजता बायका रस्त्यावर असतात. खाला, चाच्या, कॉलेजच्या पोरी, कडेवर लेकरं घेतलेल्या सुना. बांगड्या घेतायत, शीरमाल घेतायत, नुसत्या उभ्या राहून गप्पा मारतायत. कोणी विचारत नाही, कुठे निघालीस, कोणाबरोबर. मी बूट घालून कोंढव्याच्या गर्दीतून पळत-चालत जायचे आणि माझ्याकडे कोणाचं लक्षही नसायचं. महिनाभर रस्ता आमचा होता. ईद झाली. तिसऱ्या-चौथ्या रात्री त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, त्याच कपड्यांत निघाले तर पानाच्या टपरीवरचं बोलणं थांबलं. रस्ता तोच, दिवेही तेच. माणसंही तीच होती.

मग मी वेळ बदलली. फजरची अजान हा माझा अलार्म झाला. नमाजहून परतणारे लोक रस्त्यावर असतात, चहाची दुकानं उघडत असतात, रस्ता सुनसान नसतो. आधी रेसकोर्सपर्यंत जाऊन यायचं, पुढे येवलेवाडीवरून बोपदेव घाटाच्या पायथ्यापर्यंत. जुलैत एका छोट्या स्पर्धेत २१ किलोमीटर झालं, आणि मग मी मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं.

आता माझी चूक सांगते.

सप्टेंबरमधला रविवार. त्या दिवशी २७ किलोमीटरचा पल्ला होता, तोवरचा सगळ्यात लांब. सोळावा किलोमीटर चालू होता. घड्याळ थरथरलं, मी चालायला लागले, आणि आमच्या गल्लीतला एक पोरगा बाइकवर शेजारी आला. म्हणाला, “आपा, थक गए क्या? छोड दूं घर तक?” तो चेष्टा करत नव्हता. चांगला मुलगा आहे, खरंच सोडलं असतं. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘नाही रे, हा प्लॅन आहे’ एवढं वाक्य मला सुचलं नाही. मी हसून मान हलवली आणि पळत सुटले. तो वळून गेला तरी थांबले नाही. पुढे आणखी कोणी ओळखीचं दिसेल या भीतीनं घड्याळाची थरथर बंद केली आणि उरलेले अकरा किलोमीटर सलग पळाले. घरी आले तेव्हा फार अभिमान वाटला. संध्याकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ आली. फिजिओथेरपिस्टनं तीन आठवडे पळणं बंद केलं.

त्या तीन आठवड्यांत मी बराच विचार केला. पळताना लोकांनी मला पाहिलं तर मला चालत होतं. सहा महिन्यांत तेवढी कातडी जाड झाली होती. पण चालताना पाहिलेलं चालत नव्हतं. कारण बाई पळायला निघाली हेच मुळात पुष्कळ लोकांना खटकत होतं, आणि मी चालले तर ते म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो. म्हणजे मी घराबाहेर पडले होते, पण बाहेर पडल्यावर कमाल करून दाखवलीच पाहिजे अशी अट मीच स्वतःला घातली होती. गुडघ्याचं दुखणं त्या पोरानं दिलं नव्हतं, मोहल्ल्यानंही नाही. ते या अटीतून आलं.

ही अट दोन्हीकडून येते, हेही सांगायला हवं. मी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि डोक्यावर पातळ स्कार्फ घालून पळते. आमच्यातल्या काहींना त्यात बेशरमपणा दिसतो, कारण मी पळते. बाहेरच्या काहींना त्यात क्रांती दिसते, कारण मी स्कार्फ घालून पळते. नंबर घ्यायला गेले तेव्हा एका अनोळखी बाईंनी फार प्रेमानं विचारलं, “घरून परवानगी मिळाली का तुम्हाला?” त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, माझ्याच वयाच्या मुलीला हे विचारलं नाही. आणि आपल्या चळवळीतल्या दोन-तीन ज्येष्ठांनी मला सुचवलं होतं की स्कार्फ काढून धावलीस तर संदेश जास्त चांगला जाईल. त्यांचा आदर राखून सांगते, मला संदेश पोहोचवायचा नव्हता, मला आझाद मैदानापर्यंत पोहोचायचं होतं. स्कार्फ ही अम्मीशी केलेली तडजोड आहे. उद्या राहील की जाईल, ते आम्ही दोघी बघू.

घरी बसले होते तेव्हा बायकांच्या धावण्याचा इतिहास वाचला. त्यात एक योगायोग सापडला. १८ एप्रिल १९६६ ही तारीख इथं बसलेल्या अनेकांना माहीत आहे. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाकच्या विरोधात. बरोबर दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिल १९६६ ला, अमेरिकेत बॉबी गिब नावाची तरुणी बॉस्टन मॅरेथॉन धावली. बायकांना एवढं अंतर झेपत नाही, असं कळवून आयोजकांनी तिचा अर्ज आधीच नाकारला होता. म्हणून ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपून राहिली आणि गर्दीत घुसली. अंगात भावाची अर्धी चड्डी, डोक्यावर हूड. बॉस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये दिला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही आणि मी ओढूनताणून जोडणार नाही. पण ‘तुमच्याच समाजात बायकांना असं अडवतात’ असं कोणी म्हटलं की मला ते झुडूप आठवतं. आणि ‘ही पाश्चात्त्य थेरं’ असं आपल्यातलं कोणी म्हटलं की त्या सात जणी आठवतात.

ऑक्टोबरमध्ये परत सुरू केलं, १५ सेकंद पळणं आणि ३० सेकंद चालणं. त्यानंतर एकही चालणं चुकवलं नाही. गल्लीतला तो पोरगा परत भेटला, तेव्हा त्याला घड्याळ दाखवलं आणि सगळं समजावलं. त्यानं विचारलं, “मग यात जिंकतं कोण?” त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. डिसेंबरअखेर ३६ किलोमीटर झालं. गॅलोवेंचं वेळापत्रक पूर्ण ४२ पर्यंत नेतं. गुडघ्याला घाबरून मी तिथंच थांबले.

मुंबईचं सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की पहाटे अंधारात पहिल्याच मिनिटाला मी चालायला लागले, तेव्हा मागून आलेल्या एका काकांनी खांद्यावर थोपटून ‘हिंमत सोडू नकोस’ म्हटलं. तीसच्या पुढं तेच काका मला फुटपाथवर पाय चोळत बसलेले दिसले. मी थांबून त्यांना मिठाची पुडी दिली. मला त्यात आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल.

परतीला हाजी अली आलं. लहानपणी नानीचं बोट धरून मी तिथं मजारीपर्यंत गेले आहे. पुढे २०११-१२ च्या सुमारास बायकांना आतल्या भागात बंदी झाली. आपल्याच बहिणी, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या, कोर्टात गेल्या आणि २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई हायकोर्टानं ती बंदी बेकायदा ठरवली. नानी तोवर राहिली नव्हती. उन्हात चमकणाऱ्या दर्ग्याकडे बघत मी माझे ३० सेकंद चालले. घड्याळ थरथरल्यावर पळाले नाही, आणखी ३० सेकंद चालले. प्लॅन मोडला तो तेवढाच.

त्यानंतर पेडर रोडचा चढ. तिथं सगळेच चालतात, चांगले चांगले. दोन्ही बाजूंना लोक उभे, कोणी मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे करतंय, कोणी चिक्की. पहिल्यांदाच माझं चालणं कोणाला वेगळं दिसत नव्हतं. आणि चढ संपल्यावर माझ्या पायांत पळायला काहीतरी शिल्लक होतं. शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये मी ज्यांना मागे टाकलं, ते पहाटे माझ्या पुढं सुसाट गेले होते.

जूनमध्ये परत तपासणी केली. एचबीएवनसी ५.७. अजून काठावरच आहे. अम्मीनं हा रिपोर्ट मात्र वाचला, आणि स्वतःची साखर किती असेल ते विचारलं नाही, बुटांचा नंबर विचारला. ती ६१ वर्षांची आहे, पंधरा वर्षांपासून औषधावर. डॉक्टरांना विचारून आम्ही तिचा प्लॅन बनवला, त्यात पळणं नाही. विजेचे दोन खांब भराभर, दोन खांब सावकाश. आता तिच्याबरोबर शेजारच्या चार खाला असतात. एक बुरख्यात, एक साडीवर स्वेटर घालून, दोघींच्या पायात अजून चपलाच. त्यांना मी बूट घ्या, बूट घ्या म्हणून सांगते आहे. खांब कोण मोजणार यावरून रोज भांडण होतं.

रविवारी फजरनंतर पंधरा मिनिटांनी आम्ही निघतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी नंतर मला भेटा, कुठे उभं राहायचं ते सांगते. रिकाम्या पोटी येऊ नका, एक केळं खा. आणि पहिल्या मिनिटाला मी चालायला लागले तर काळजीनं विचारू नका.